हेड किती हाय?

"हेडलेच पुरं हेड नाही, त टेलले पाणी कुठून जाईन? अन् गेट दुरुस्त करा म्हटलं, त साहेब म्हन्तात हेड नाही."

रब्बीचं आवर्तन सुरू असताना अकोल्याकडच्या एखाद्या कालव्यावर असं वाक्य सहज कानावर पडतं. बोलणारा चौकीदार असतो आणि ऐकणारा कालवा निरीक्षक. एका दमात तीनदा आलेल्या शब्दाचे तीन वेगळे अर्थ दोघांनाही विचारावे लागत नाहीत. पहिलं हेड म्हणजे वितरिका जिथून सुरू होते ती जागा. दुसरं म्हणजे तिथल्या पाण्याची उंची. तिसरं म्हणजे सरकारी हिशेबातलं ते खातं, ज्यातून दुरुस्तीचा पैसा निघतो. माणसाचं डोकं यातल्या एकाही अर्थात नाही.

पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांत काम केलेल्या एका निवृत्त गृहस्थांचा सारा कार्यकाळ या शब्दाभोवती फिरला. शाळेत असताना त्यांच्या लेखी हेड म्हणजे हेडमास्तर, एवढंच. पोलीस ठाण्यात हेड म्हणजे हवालदार, पोस्टात हेड म्हणजे जिल्ह्याचं मोठं ऑफिस, आणि क्रिकेटच्या मैदानावर नाणं उडवताना छापा. हे अर्थ सगळ्यांनाच येतात, त्यांच्यासाठी कुणाला नोकरी करावी लागत नाही. त्यांना कामाचा वाटलेला पहिला अर्थ भेटला तो नोकरी लागण्याच्या आधी, अकोल्यातल्या एका पंपाच्या दुकानात.

दुकानात हाताखाली काम करताना त्यांनी पाहिलं, की गिऱ्हाईक येतं ते एचपी विचारत. "तीनची घेऊ का पाचची?" या प्रश्नाचं उत्तर मालक कधी लगेच देत नसे. तो उलट विचारी, "हेड किती हाय?" शेतकरी विहिरीची खोली सांगे. मालक मान हलवी आणि कागद ओढून बेरीज मांडे. उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावरची पातळी कुठं असते, तिथून पाइपाचं तोंड किती उंच आहे, पाइप वावरातून किती लांब जातो, वाटेत किती बेंड आहेत. पाइप आडवा असला तरी त्याच्या आत पाणी घासत जातं आणि ते घासणंही उंचीसारखंच मोजावं लागतं. ती सगळी बेरीज म्हणजे टोटल हेड. पंपाच्या पाटीवर ते मीटरमध्ये लिहिलेलं असतं, शेजारी डिस्चार्ज, म्हणजे सेकंदाला किती लिटर.

या दोन आकड्यांचं नातं कळलं की शेतकऱ्याचे पैसे वाचतात. पाच एचपीची ताकद तेवढीच राहते, उंची वाढली की पाणी कमी होतं. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली, तर ३० मीटर हेडला पाच एचपीतून सेकंदाला सहा लिटरच्या आसपास पाणी मिळतं, ६० मीटरला तीनच. दोन इंची पाइपाऐवजी अडीच इंची टाकला, तर तेवढंच पाणी नेताना घर्षण जवळपास एक तृतीयांशावर येतं. म्हणजे मोठी मोटर घेण्यापेक्षा पाइप बदलणं कित्येकदा स्वस्त. याच्या उलट घडणारी गोष्ट तर कुणाला पटतच नसे. कमी उंचीवर पाणी चढवायचं असताना जास्त हेडचा पंप बसवला, तर तो आरामात चालेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो हवं त्यापेक्षा जास्त पाणी ओढतो, मोटरवर भार चढतो आणि वाइंडिंग जळतं. जळालेली मोटर परत घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचा राग कंपनीवर असे, आणि दोष असे त्या न मोजलेल्या हेडचा.

मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्यात हा शब्द आणखी खोल गेला आहे. तिथं भूजल इतकं उपसलं गेलं, की बोअर शेकडो फुटांवर गेल्या. जुन्या काळी पंप विहिरीच्या काठाजवळ बसवत, कारण हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. पण तो दाब पाणी फार तर दहा मीटर चढवू शकतो, आणि व्यवहारात सहा-सात मीटरच. पाणी त्याहून खाली गेलं की पंपच पाण्यात उतरवावा लागतो. सबमर्सिबलच्या आत एकावर एक चक्रं असतात, त्यांना स्टेज म्हणतात. स्टेज वाढल्या की हेड वाढतं. बगीचेवाला आज दुकानात स्टेजच विचारतो, आणि त्या आकड्यावरून त्याच्या गावचं भूजल कुठं पोचलं ते दुकानदाराला कळतं.

मग ते खात्यात लागले आणि शब्द आडवा झाला. कालव्यावर हेड म्हणजे वरचं टोक आणि टेल म्हणजे शेवटचं. वऱ्हाडात कालव्याची शेती तशी नवी. पूर्णेचं खोरं काळ्या मातीचं, कोरडवाहू कापूस-ज्वारीचं. नदीच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा, जिथं विहीर खणली तरी पाणी पिकाच्या किंवा पिण्याच्या कामाचं निघेल याची खात्री नाही. मोठी धरणं आली ती स्वातंत्र्यानंतर. बार्शीटाकळी तालुक्यात महानला काटेपूर्णा, तेल्हाऱ्याकडे सातपुड्याच्या कुशीत वान, मोर्शीजवळ सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा. काटेपूर्णेचा जिवंत साठा ८६ दशलक्ष घनमीटरच्या आसपास, तर ऊर्ध्व वर्धेचा सुमारे ५६४. अकोला आणि अमरावती ही दोन शहरं अनुक्रमे याच दोन धरणांचं पाणी पितात. पश्चिम महाराष्ट्रात पाट, चारी, शेजपाळी हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले. इकडं धरण, खातं आणि शब्द असं सगळं एकदमच आलं. म्हणूनच बहुधा वऱ्हाडी शेतकऱ्यानं साहेबाच्या तोंडचे हेड आणि टेल तसेच उचलले. कागदावर पुच्छ भाग असं छापलेलं असतं, पण वावरात कुणी पुच्छ म्हणत नाही.

निरीक्षकाचं काम वरवर साधं असतं. हंगामाआधी नमुना ७ चे पाणी अर्ज घ्यायचे, कोणाचं किती क्षेत्र ते पाहायचं, पाळ्यांचा कार्यक्रम लावायचा, गेज वाचायचं, भिजलेलं क्षेत्र मोजायचं आणि पाणीपट्टी आकारायची. यातलं गेज त्यांना सगळ्यांत आवडायचं. वितरिकेच्या हेडला कालवा एका जागी मुद्दाम अरुंद केलेला असतो. त्याला स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम म्हणतात. तिथं पट्टीवर पाण्याची उंची वाचली की प्रवाह किती ते तक्त्यावरून कळतं. त्या उंचीलाही हेडच म्हणतात. गंमत अशी, की उंची आणि प्रवाह सरळ प्रमाणात नसतात. उंची दुप्पट झाली तर पाणी दुप्पट होत नाही, सुमारे २.८ पट होतं. आणि हेच उतरतानाही लागू आहे. पट्टीवर ४० सेंटिमीटरचे ३० झाले तर पाहणाऱ्याला वाटतं, पाव भाग कमी झाला. प्रत्यक्षात पस्तीस टक्के पाणी गेलेलं असतं. चौकीदार म्हणे, "थोडंसंच उतरलं, साहेब." ते थोडंसं म्हणजे शेवटच्या चार-पाच आउटलेटांचं सगळं पाणी असे.

टेलवाल्यांचा खरा शत्रू हा आकडाच होता. पण तो त्यांना कुणी समजावून सांगितलेला नव्हता. त्यांना दिसे ते एवढंच, की पाणी सुटल्याची बातमी गावात येते आणि पाणी येत नाही.

अशाच एका वितरिकेच्या टेलवर एका हिवाळ्यात हरभरा फुलावर यायला आला होता. काळ्या मातीत भेगा पडायला लागल्या होत्या. त्या वेळी एक पाणी मिळालं तर पीक घरात येतं, आणि ते टळलं तर पुढचं पाणी येऊन उपयोग कमी. टेलची मंडळी निरीक्षकाच्या खोलीवर आली. भांडायला आली होती, तरी पहिलं वाक्य होतं, "साहेब, आमी टेलवाले आहो." गाव नाही, आडनाव नाही, जात नाही. कालव्यावरची जागा हीच त्यांची ओळख झाली होती. वरच्यांसाठी त्यांच्याकडे तसाच एक शब्द होता, हेडवाले. "हेडवाल्यायनं सारं पाणी दाबलं, बापा. आमच्याकडं येऊच देऊन नाही राह्यले."

त्या रात्री निरीक्षक टेलपासून वर चालत निघाले, टेलची चार माणसं आणि एक बॅटरी सोबत. खालून वर जाण्याचा फायदा असा, की चोरी कुठं होते ते पाण्याआधी मातीच सांगते. कोरड्या पात्रात एका ठिकाणी ओल लागते, तिथून वर चिखल, मग डबकं, मग वाहतं पाणी. ज्या जागी हा बदल होतो, तिथंच कुठंतरी पाणी अडलेलं असतं. त्या रात्री कुठं आउटलेटचं गेट दगड लावून उघडं धरलेलं होतं, कुठं कालव्याच्या भरावातून पाइप घातलेला होता. एका वावरात तर पाणी गव्हाच्या सरीतून ओसंडून नाल्याला लागलं होतं. वर माणसाच्या गरजेचं पाणी वाहून जात होतं आणि खाली हरभरा सुकत होता.

हेडवाल्यांची बाजूही त्यांनी ऐकली, आणि ती नाकारण्यासारखी नव्हती. कालवा काढताना जमीन गेली ती वरच्यांची. कालव्याचा झिरपा लागून चिबडली तीही वरच्यांचीच वावरं. "कॅनॉल आमच्या छातीवरून गेला, अन् पाणी आमी घ्याव नाही?" असं विचारणाऱ्या माणसाला नियमाचं कलम वाचून दाखवणं त्यांना कधी जमलं नाही. पण त्याच माणसाच्या हरभऱ्याला जास्त पाण्यानं मर लागली होती, हेही त्यांनी त्याला वावरात नेऊन दाखवलं. अति पाणी हेडवाल्याच्या फायद्याचं असतं ही समजूतच चुकीची आहे. काळ्या जमिनीत हरभऱ्याचं नुकसान पाण्याच्या तुटवड्याइतकंच पाण्याच्या भारानंही होतं.

पाणी टेलकडून हेडकडे द्यायचं, हा सिंचनातला जुना आणि शहाणा संकेत आहे. आधी शेवटचा आउटलेट चालू करायचा, तो भिजला की त्याच्या वरचा, असं करत वर यायचं. हेडवाल्याचं काही बिघडत नाही, पाणी त्याच्या दारावरूनच जाणार असतं. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ आल्यावर पाणी वापर संस्थांना घनमापनानं पाणी मोजून देण्याची तरतूद झाली. मग संस्थेच्या हेडला मोजून घेतलेलं पाणी आतल्या आत कसं वाटायचं हा शेतकऱ्यांचा आपसातला प्रश्न झाला. जिथं संस्थेत टेलची माणसं बोलती होती तिथं वाटप सुधारलं. जिथं सगळे पदाधिकारी हेडचे होते तिथं फक्त तक्रारीचा पत्ता बदलला. म्हणून संस्थेची निवडणूक आली की निरीक्षक टेलच्या गावांत मुद्दाम दोन चकरा जास्त मारत. तो त्यांच्या कामाचा भाग नव्हता, पण त्यांच्या मते त्याशिवाय काम पूर्ण होत नव्हतं.

इथं एक गोष्ट त्यांना नेहमी खुणावत असे. पाटबंधारेवाले टेल टू हेड म्हणतात, आणि पाणलोट विकासाची कामं करणारे कृषी खात्याचे लोक माथा ते पायथा म्हणतात. सातपुड्याच्या उतारावर, अकोट-अचलपूरच्या पट्ट्यात, दोघंही एकाच पाण्यासाठी राबतात आणि दिशा मात्र उलट. याचं कारण पाण्याच्या स्वभावात आहे. डोंगरावर पडलेलं पाणी पळतं. त्याला वरच अडवलं नाही, तर खालचे बंधारे गाळानं भरतात, म्हणून सलग समतल चर, दगडी बांध हे सगळं माथ्यापासून सुरू करायचं. कालव्याचं पाणी माणसाच्या हातात असतं आणि माणूस वरच्या टोकाला बसून ते अडवू शकतो, म्हणून तिथं शेवटापासून सुरुवात. एका ठिकाणी पाण्याची ओढ आवरायची असते, दुसऱ्या ठिकाणी माणसाची. माथा आणि पायथा हे शब्द गावात सहज चालतात, कारण डोंगर गावानं आधीपासून पाहिलेला असतो.

अमरावतीला बदली झाल्यावर त्यांचा कार्यालयाशी जास्त संबंध आला आणि तिसरं हेड रोजचं झालं. नादुरुस्त गेट, फुटलेलं अस्तर, भराव खचलेली चारी यांची यादी ते पाठवत आणि उत्तर येई, "या हेडमध्ये तरतूद नाही." हे हेड म्हणजे लेखाशीर्ष. सरकारी हिशेबात प्रधान शीर्षाचे चार आकडे असतात. २७०० म्हणजे मोठ्या सिंचनाचा महसुली खर्च, २७०१ मध्यम, २७०२ लघु. तेच भांडवली खर्चाला ४७००, ४७०१, ४७०२. पहिला आकडाच सांगतो की हा पैसा जुनं चालवायला आहे की नवं बांधायला. त्याखाली उपप्रधान, गौण, उपशीर्ष अशा पायऱ्या, सगळ्या मिळून सहा. ही रचना देशभर १ एप्रिल १९८७ पासून चालू आहे.

ही रचना नुसती कारकुनी नाही, हे त्यांना उशिरा पटलं. नव्या कालव्याच्या खोदाईला ४७ नं सुरू होणाऱ्या हेडमध्ये पैसे असताना शेजारच्या जुन्या वितरिकेच्या गेटला रबरी सील मिळत नसे, कारण ते देखभालीचं, २७ चं काम. चौकीदाराला हे सांगणं अवघड जाई. त्याला दिसे ते, की एकीकडे मशिनी चालतायत आणि दुसरीकडे त्याच्या गेटमधून पाणी गळतंय. तरी नियमामागचं कारण खरं आहे. विधिमंडळ ज्या कामासाठी पैसा मंजूर करतं तो त्याच कामावर गेला, हे पाहण्याचं दुसरं साधन नाही. अडचण हेड पाळण्यात नाही. देखभालीच्या हेडमध्ये मुळात कमी पैसा टाकला जातो, ही अडचण आहे. धरणाचं उद्घाटन होतं, गेटच्या सीलचं होत नाही. मार्च महिन्यात उरलेल्या तरतुदीची शोधाशोध सुरू झाली की निरीक्षक आपली यादी घेऊन हजर असत, अंदाजपत्रकं आधीच तयार ठेवून. जी कामं झाली त्यातली पुष्कळशी अशा ३१ मार्चच्या आधीच्या धावपळीत झाली.

सरकारी मराठीनं या शब्दासाठी पुष्कळ कष्ट घेतले आहेत. वऱ्हाड तर या बाबतीत मुंबईच्या आधीच वाटेला लागला होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या १९५० च्या राजभाषा कायद्यानं मराठी आणि हिंदीला कारभारात जागा दिली. पुढं महाराष्ट्र झाल्यावर भाषा संचालनालयानं १९६२ मध्ये पदनाम कोश काढला. हेडमास्तर मुख्याध्यापक झाले, हेडक्वार्टर मुख्यालय झालं, आणि हे शब्द टिकले. लेखाशीर्ष कागदावर टिकलं, बोलण्यात नाही. पंपाच्या हेडला तर कुणी हातच लावला नाही. जो शब्द दरवाजावरच्या पाटीवर रोज दिसतो तो मराठी होतो, आणि जो विहिरीच्या काठावर ओरडून सांगावा लागतो तो जसा आला तसा राहतो, असं निरीक्षकांचं मत. त्याला एक सुंदर अपवादही ते दाखवतात. पाणीपुरवठ्याच्या प्रत्येक योजनेत दरडोई हा शब्द असतो. जलजीवन मिशनचा निकष ग्रामीण भागात दरडोई रोज ५५ लिटर. इथं डोई अस्सल मराठी आहे, कुणालाही तो अनुवाद वाटत नाही. आणि वऱ्हाडात डोईवर गुंड घेऊन पाण्याला जाणाऱ्या बाईला त्या ५५ लिटरचा भार वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

निवृत्तीच्या सुमारास नवं काम आलं, उघड्या चाऱ्यांऐवजी जमिनीखालून बंद पाइप. बंद नलिका वितरणात पाणी वाफ होऊन किंवा झिरपून जात नाही, जमीनही अडत नाही. सगळ्यांत मोठी अपेक्षा ही, की पाइप फोडल्याशिवाय वाटेत पाणी चोरता येणार नाही आणि टेलचा प्रश्न मिटेल. निरीक्षकांना त्याची काळजी वाटली, कारण त्यांच्या आयुष्यातली दोन हेडं इथं एकत्र येत होती. उघड्या चारीत टेलला पाण्याची वाट पाहावी लागते. पाइपात टेलला दाब लागतो. ठिबक चालवायचं तर साधारण एक किलोचा, म्हणजे दहा मीटर हेडचा दाब हवा. तो धरणाच्या उंचीतून मिळायचा, आणि वाटेतल्या घर्षणात खर्च व्हायचा. वरच्या चार शेतकऱ्यांनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडले की खालच्याच्या नळीत पाणी असतं पण जोर नसतो. चोरी दिसत नाही, ओला चिखल दिसत नाही, बॅटरी घेऊन चालत जाऊन काही सापडत नाही.

म्हणून नव्या पोरांना त्यांनी जाताना एकच काम शिकवलं, शेवटच्या व्हॉल्व्हवर प्रेशर गेज लावून वही ठेवणं. वरचे सगळे व्हॉल्व्ह चालू असताना वाचायचं, बंद असताना वाचायचं, आणि दोन्ही आकडे शेतकऱ्याच्या देखत लिहायचे. अशाच एका चाचणीला टेलचा एक म्हातारा शेतकरी आला. त्यानं गेजच्या काचेवरून बोट फिरवलं आणि पंपाच्या दुकानात मालक विचारायचा तोच प्रश्न विचारला. अभियंता पोरगा पाइपाचा व्यास आणि लांबी सांगू लागला. म्हाताऱ्यानं त्याला थांबवलं. "ते राहू दे, भाऊ. माह्या व्हालवर, वरचे सारे चालू असतानी, हेड किती हाय, ते सांग."